डावं चाक

श्रीशैलला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. सोलापुरात अक्कलकोट रोडला त्याचं गॅरेज आहे. सकाळी तिथं जेवढ्या गाड्या येऊन उभ्या राहतात, तेवढ्या एका माणसाच्यानं दिवसभरात होणार नाहीत, हे कुणालाही दिसतं. त्यालाही दिसायचं. तरी येईल त्याला तो म्हणायचा, "ठिवून जा की, संध्याकाळी घिऊन जा." लोकांना तो आवडायचा तोही ह्यामुळंच.

शिवयोगी त्याचं जुनं गिऱ्हाईक. दोघांचं मूळ गाव एकच, अक्कलकोट तालुक्यातलं, म्हणून श्रीशैल त्यांना अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला, चन्नम्माला, वैनी. चन्नम्मावैनी घरी शेजारच्या बायकांना हाताशी घेऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी करायच्या. तो माल शिवयोगी आपल्या पिकअपमधून वैराग-बार्शीकडच्या दुकानांत पोचवायचे. गाडी चालवण्याचा त्यांना फार अभिमान. आजवर गाडीला साधा ओरखडा नाही, हे ते कुठल्याही बोलण्यात आणायचेच.

उन्हाळ्यात पिकअपच्या पुढच्या चाकांतून जातं फिरल्यासारखी घरघर येऊ लागली. शिवयोगी गाडी घेऊन आले. श्रीशैलनं उजवं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं, तर ते खुळखुळलं.

"बेरिंग गेली, अण्णा."

"मग डावंबी बघ. आवाज दोनी बाजूनं येतोय असं वाटतंय मला."

"बघतो की."

उजव्या चाकाचं काम त्यानं झकास केलं. चाकाचं हब उतरवलं, झिजलेल्या बेरिंगा काढल्या, हब रॉकेलनं धुऊन पुसलं, नव्या बेरिंगांत तळहातानं दाबून दाबून ग्रीस भरलं. नट आवळून चाक फिरवून पाहिलं. आवाज नाही, हालचाल नाही. तेवढ्यात दुधाचा टेम्पो दारात येऊन हॉर्न वाजवू लागला. त्यालाही सकाळी 'व्हय' म्हणून झालं होतं. श्रीशैल टेम्पोखाली शिरला. पिकअपचं डावं चाक जमिनीवरून उचललंसुद्धा गेलं नाही.

शिवयोगी चहा पिऊन परत आले. "डावं बघितलंस?"

"बघितलं की," श्रीशैल टेम्पोखालूनच म्हणाला. "चांगलं हाय. ऱ्हायलेला आवाज टायरचा हाय."

पुढच्या खेपेला गाडी आली की आधी तेच चाक खोलायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. मग गाड्यांवर गाड्या येत गेल्या आणि ते राहून गेलं.

श्रावण लागता लागता एका दुपारी शिवयोगी वैरागहून परत येत होते. त्या दिवशी वैनीही सोबत होत्या. त्यांची धाकटी बहीण वैरागला दिलेली, तिच्याकडं दोघं जेवले होते. वडाळ्याच्या अलीकडं पिकअप एकदम डावीकडं ओढली गेली, रस्ता सोडून चारीत उतरली आणि बाभळीवर आदळली. शिवयोगींना खरचटण्यावर भागलं. वैनींचा उजवा हात मनगटाशी मोडला, आणि असा मोडला की आत स्टीलची पट्टी घालावी लागली.

श्रीशैल दवाखान्यात धावला. शिवयोगी बाकड्यावर डोकं धरून बसले होते.

"डोळा लागला माझा," ते म्हणाले. "जेवण जरा जास्तच झालं हुतं. गाडी चारीत कशी गेली तेबी कळलं न्हाय बघ."

श्रीशैलला ते न उघडलेलं डावं चाक आठवलं. कारण गाडी डावीकडं ओढली गेली, हे त्यानं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पिकअप ओढून त्याच्याच गॅरेजात आणली. दुसऱ्या कुणाकडं न्यायचं शिवयोगींच्या मनातही आलं नाही. श्रीशैलनं एकट्यानं डावं चाक खोललं. ग्रीस जळून डांबर झालं होतं. बेरिंगचे रोलर तापून निळे पडलेले, काहींचे तुकडे झालेले, आणि तेच तुकडे आत अडकून त्यांनी चाक जागच्या जागी धरलं होतं. झोप लागलेल्या माणसानं हे होत नसतं. त्यानं ती बेरिंग फडक्यात बांधून बाजूला ठेवली.

संध्याकाळी शिवयोगी आले. "काय निघालं रे चाकात?"

"काय न्हाय, अण्णा. धडकंनं मोडतोड झालीय."

पहिलं खोटं घाईनं बोललं गेलं होतं. ह्या वेळी घाई कसलीच नव्हती.

त्यानं पिकअप नव्यासारखी करून दिली. पण ती शिवयोगींच्या दारातच उभी राहिली. ते स्टेअरिंगला हात लावायला तयार नव्हते. भाकरीची पोती एसटीच्या टपावर चढवून ते वैरागला जायचे, नाहीतर कुणा टेम्पोवाल्याच्या हातापाया पडायचे. दुपारचं जेवण त्यांनी सोडून दिलं. रस्त्यात भेटले की श्रीशैलकडंच मन मोकळं करायचे, आणि घरी येऊन श्रीशैलला घास गिळवायचा नाही. राजेश्वरी, त्याची बायको, म्हणाली, "दवाखान्यात दाखवा की." तो म्हणाला, "दुखत काय न्हाय."

दिवाळीच्या आधी शिवयोगी गॅरेजात आले. "एखादं गिऱ्हाईक बघ. गाडी इकून टाकायची."

"का, अण्णा? गाडी चांगली हाय."

"गाडी चांगलीच हाय की. तू चाकं तपासून दिली हुतीस, तिचा काय दोष? दोष माझ्या डोळ्याचा. बायकोचा हात मी मोडला, श्रीशैल. ती एका शब्दानं बोलत न्हाय, म्हणून जास्त लागतंय."

ते गेले. श्रीशैलनं हात धुतले, शटर अर्ध्यावर ओढलं आणि फडक्यात बांधून ठेवलेली ती बेरिंग घेऊन त्यांच्या मागोमाग घर गाठलं. वैनी जमिनीवर बसून डाव्या हातानं शेंगा निवडत होत्या. शिवयोगी चपला काढत होते. श्रीशैल उंबऱ्याच्या आत येऊन उभ्यानंच बोलला.

"अण्णा, तुमचा डोळा लागला नव्हता. डावं चाक अडकलं. ही बेरिंग बघा. मी ते चाक उघडलंच नव्हतं. बघितलं म्हणून खोटं सांगितलं, आन् पुन्ना धडकंनं मोडलं म्हणून सांगितलं, तेबी खोटं."

शिवयोगींनी बेरिंग हातात घेतली. काळ्या ग्रीसनं त्यांची बोटं भरली.

"तीन म्हैने," ते म्हणाले. "तीन म्हैने मी सोताला खात बसलो. तू रोज बघत हुतास की रं."

"व्हय."

ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

श्रीशैल वैनींच्या पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागं घेतले. "बिडप्पा," त्या कानडीत म्हणाल्या, राहू दे. मग मराठीत म्हणाल्या, "पाया पडून मनगट वळतंय व्हय? सांगितलंस ते बरं केलंस. ते रातचं झोपत नव्हते. आता जा."

गाडी विकली गेली नाही. दिवाळी झाल्यावर शिवयोगी पुन्हा पिकअप घेऊन बार्शीकडं जाऊ लागले. दुपारचं जेवूही लागले, असं शेजारच्यांकडून श्रीशैलला कळलं. गाडीचं काम मात्र ते आता होटगी रोडच्या एकाकडं करतात. श्रीशैलनं दारातल्या गाड्या कमी केल्या. 'आज जमणार न्हाय' म्हणायला तो शिकला. काही गिऱ्हाइकं तुटली. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

माघात गल्लीतल्या पंचाक्षरीच्या लग्नात श्रीशैल पंगतीत हुग्गी, गव्हाची गोड खीर, वाढत होता. एका रांगेत शिवयोगी आणि वैनी शेजारी शेजारी बसले होते. वैनींचं मनगट पुरतं वळत नव्हतं. त्या चमच्यानं जेवत होत्या. श्रीशैल बादली घेऊन पुढं थांबला. वैनींनी ताट किंचित पुढं सरकवलं, "थोडीच." त्यानं वाढली. शिवयोगींनी ताटावर आडवा हात धरला आणि मान वर न करता म्हणाले, "पुरे."

श्रीशैल पुढच्या ताटाकडं सरकला.