दिगूचा लाल थर्मास

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लासवर शिकवत होतो. फोन खिशात टाकला अन् उरलेला तास पूर्ण केला. असं का वागलो, कळत नाही. दीड महिना झाला, डोक्यातला गोंधळ काही निवळत नाही, म्हणून लिहायला बसलो.

दिगंबर म्हणजे दिगू, माझा शाळेपासूनचा दोस्त. किल्लारीजवळचं आमचं गाव भूकंपात पडलं, नवं गाव लांब माळावर वसलं. तो गुरांचा डॉक्टर झाला. मी लातुरात क्लास काढून जीवशास्त्र शिकवू लागलो. माझ्याकडं दाटीवाटीनं बसलेल्या पोरांना सगळ्यांना डॉक्टरच व्हायचं असायचं, पण माणसांचं. दिगू कधीमधी मागं येऊन बसायचा आणि नंतर म्हणायचा, "तू जनुकं फळ्यावर काढतोस. मी गुरांच्या जिभेवरनं काढतो." खोटं नव्हतं ते. लाळ्या-खुरकूत आली की तो जिभेवरच्या फोडाची साल काढून बाटलीत घालायचा अन् बर्फ भरलेल्या लाल थर्मासातून दूरच्या प्रयोगशाळेला पाठवायचा. तिथं विषाणूच्या जनुकांची अक्षरं ओळीनं वाचत. दोन ठिकाणची अक्षरं जुळली की रोग कुठून कुठं गेला ते कळे, आपली लस त्याला लागू पडेल का तेही.

एका वर्षी लस टोचूनही रोग आला. बाजारातून जनावर आणू नका, असं दिगू गावोगाव सांगत होता. नेमका तेव्हाच माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, देवणीच्या बाजारातून वळू आणला आणि चार दिवसांत त्याच्या तोंडाला फेस आला. नमुना घ्यायला दिगू आला तेव्हा अण्णा बिनदिक्कत म्हणाला, "घरचाच हाय. जुन्या गावात एकटा बांधलेला असतो, बाजार बघितलाच न्हाई त्यानं." शेतं तिकडंच असल्यानं आमच्याकडं बरेच जण पडक्या गावातच गोठे ठेवून होते, त्यामुळं हे खपून गेलं. गावात रोग आपण आणला म्हणतील, ही अण्णाची भीती. मी शेजारी उभा होतो. बोललो नाही.

रिपोर्ट आला, तर वळूचा विषाणू देवणी बाजारातल्या जनावरांत सापडलेल्या विषाणूशी तंतोतंत जुळलेला. दिगू माझ्या घरी येऊन बसला. "एकट्या बांधलेल्या वळूला बाजारातला विषाणू कसा काय गड्या?" मी चहात बघत राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "माझ्याच हातनं बाटल्या बदलल्या असतील." तसं त्यानं वर लिहूनही दिलं. नमुना बाद झाला. रोग बाजारातून गावात येतो याचा पुरावा तेवढाच होता, त्यामुळं बाजार बंद करा ही त्याची मागणीही बारगळली. रोग पार चाकूरपर्यंत गेला, वासरं मेली, आणि हलगर्जी डॉक्टर म्हणून दिगूचं नाव झालं. मला लाज वाटली, आजही वाटते.

त्यानंतरही तो दर महिन्याला यायचा. चहा व्हायचा, गप्पा संपायच्या, अन् उठताना चप्पल घालत थांबायचा. "अजून काय?"
"काही न्हाई. चाललंय."
अण्णा जाऊन चार वर्षं झाली, म्हणजे ती सबबही उरली नव्हती. तरी माझं उत्तर तेच.

परवा दिगूच्या घरी गेलो, तेव्हा त्याच्या बायकोनं, वहिनींनी, तो थर्मास मला दिला. "तुमच्याकडंच द्या म्हणून सांगून ठेवलं होतं त्यांनी." झाकण उघडलं. आत चिकटपट्टीवर दिगूचं अक्षर होतं. 'वळू. जुनं गाव.' खाली वेगळ्या शाईत, 'देवणी बाजार. विकत.'

म्हणजे त्याला माहीत होतं... पण कधीपासून? चूक अंगावर घेतली तेव्हाच, की पुढं कुणी सांगितलं? मला वाचवत होता, की दर महिन्याला वाट बघत होता? कितीदा हिशेब मांडला, जुळत नाही.

थर्मास आता माझ्या टेबलावर असतो. संध्याकाळी क्लास सुटला, पोरं गेली, की मी दोन कप चहा मागवतो. घोट घेतो अन् एवढंच म्हणतो, दिगू, तो वळू बाजारातलाच होता.