पस्तीस यार्ड, पाच सेकंद

बाईंना जाऊन आता सहा आठवडे होतील. मी हिंडलग्याच्या थांब्यावर बसची वाट बघत होते, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाचा, अशोकरावांचा, निपाणीहून फोन आला. "आक्का गेली गं. पहाटे, झोपेतच." एवढंच बोलले. बस आली आणि गेली, मी तिथंच उभी. शेजारच्या कॉलेजच्या मुलींनी विचारलं, "काय झालं आजी, कोण गेलं?" माझ्या तोंडून निघालं, "आमच्या फुटबॉलच्या बाई." मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांना कसं सांगणार, की या आजीचे गुडघे आज जिना चढताना कुरकुरत असले तरी एके काळी ते बेळगावच्या कॅम्पातल्या मैदानावर बारा महिने सोललेले असायचे...

सुलोचना कांबळे आमच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायला आल्या तेव्हा पंचविशीच्या असतील. त्यांचे आईवडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. वखारीमागच्या मोकळ्या जागेत पोरं चेंडू खेळायची आणि त्यांच्यात ही एकटी पोरगी. तिथंच त्यांनी पायात खेळ भरून घेतला. आमच्या शाळेत मुलींना दोरीवरच्या उड्या, लेझीम आणि फार तर खो-खो. बाईंनी पहिल्याच तासाला चेंडू मैदानात टाकला आणि म्हणाल्या, "हाताला काम लई झालं, आता पायाला द्या." कोण गोलात उभी राहणार असं विचारलं तेव्हा कुणीच पुढं येईना. मी उंच होते, म्हणून मला उचलून उभं केलं. मी म्हणाले, "बाई, मला भीती वाटते." त्या म्हणाल्या, "वाटू दे की. भ्यालेली माणसंच चेंडूवर नीट नजर ठेवतात."

अशोकराव तेव्हा शिष्यवृत्तीवर इंजिनिअर होऊन अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरीला लागले होते. तिथं व्यावसायिक सॉकरची मोठी लीग चालते, जगभरातले खेळाडू तिथं खेळतात, हे बाईंनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि भावाला हुकूम सोडला: तू तिथं हाईस, तर सामने बघ आणि मला लिही. अशोकरावांना खेळात काडीची गोडी नव्हती. पण आक्कानं सांगितलं म्हणून ते गेले आणि जे दिसलं ते लिहायला लागले. एकोणऐंशी सालचा मोसम आम्ही असा पत्रांतून पाहिला. निळ्या घडीच्या विमानपत्राला बेळगावात यायला दोन आठवडे लागायचे. बाई ते घरी फोडायच्या नाहीत. तसंच बंद पत्र मैदानावर आणायच्या, सराव झाला की आम्हाला गोल करून बसवायच्या आणि मगच फोडायच्या. सामना कधीच संपून गेलेला असायचा, पण आमच्यासाठी तो आत्ता सुरू व्हायचा. निम्म्या पोरी न्यूयॉर्कच्या, निम्म्या टँपाच्या. मी एकटी व्हँकुव्हरची, कारण ते नाव मला म्हणता येत नव्हतं आणि म्हणून ते मला आवडायचं. तिथं गवतसुद्धा प्लास्टिकचं असतं हे ऐकून आम्ही एका दमात ओरडलो होतो, "मग गुरं काय खातात?" बाई हसता हसता मागं कलंडल्या होत्या.

त्या लीगचा एक नियम मात्र बाईंच्या डोक्यात पक्का बसला. सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ, आणि तरी निकाल लागला नाही तर शूट-आउट. गोलापासून पस्तीस यार्डांवर चेंडू ठेवायचा. शिट्टी वाजली की खेळाडूनं चेंडू घेऊन एकटीनं गोलाकडं धावायचं आणि पाच सेकंदांच्या आत मारायचं. समोर फक्त गोलकीपर, आणि तिलाही वाटेल तितकं पुढं यायची मोकळीक. बाईंनी पावलं मोजून पांढरी फक्की मारली आणि रोज सरावाच्या शेवटी आमचं हेच. "गोलात उभी राहिलीस तर मेलीस गं! पुढं ये! अंगावर जा!" हे ओरडणं पार कॅम्पाच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

माझे वडील वकील होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. मी खेळते हे घरी ठाऊक होतं, पण गोलात उडी मारते हे नव्हतं. सप्टेंबरात एक दिवस कोपरं आणि गुडघे इतके सोलले, की आईला ते आप्पांपासून लपवता आलं नाही. आप्पांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून बंद." आमच्या घरात आप्पांचा शब्द दुसऱ्यांदा उच्चारायची गरज पडत नसे. महिन्याभरानं कोल्हापूरच्या मुली खेळायला येणार होत्या आणि आमच्याकडं दुसरी गोलकीपर नव्हती. मी दोन दिवस मैदानावर गेले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आमच्या दारात.

मला वाटलं, आता या आप्पांची विनवणी करणार. बाईंनी नमस्कार केला, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, पोरगी मैदानावर येईना, म्हणून पत्र हितंच वाचावं म्हटलं. तिचा संघ हाय यात." आणि आप्पांनी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी ते निळं पत्र फोडलंसुद्धा.

"आक्का, काल बघून आलो, अजून घसा बसलाय," अशोकरावांनी लिहिलं होतं. उपांत्य फेरी होती, न्यूयॉर्क विरुद्ध व्हँकुव्हर. पहिला सामना व्हँकुव्हरनं जिंकलेला, त्यामुळं हा दुसरा न्यूयॉर्कला जिंकायलाच हवा होता. बरोबरी झाली. जादा वेळ संपला, तरी बरोबरी. मग शूट-आउट, आणि तो न्यूयॉर्कनं जिंकला... पण दोघांचा एकेक विजय झाला ना! मग तिथला नियम असा, की लगेच त्याच दिवशी अर्ध्या तासाचा आणखी एक छोटा सामना. दमलेले खेळाडू पुन्हा मैदानात. तोंडावर पाणी मारून, मोजे वर ओढून.

एवढ्यात आईनं चहा आणला. तीन कप एकसारखे, चौथा निराळा, कड उडालेला. तो कुणासाठी हे मला कळलं आणि बाईंनाही कळलं असणार, कारण त्यांचा आवाज क्षणभर अडखळला. आप्पांनी हात लांब केला आणि तो निराळा कप स्वतःकडं ओढून घेतला. "पुढं वाचा," म्हणाले. ऐकण्याच्या नादात तसं झालं की त्यांनी समजून केलं, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही.

बाई वाचत राहिल्या. छोट्या सामन्यातही एकही गोल नाही! पुन्हा शूट-आउट! हजारो माणसं उभी, कुणी खाली बसेना. "आता पुन्हा चेंडू पस्तीस यार्डांवर ठेवला हाय, आक्का, आणि... कागदावरची जागा संपली. बाकी पुढच्या पत्रात."

आप्पा खुर्चीच्या कडेवर आले होते. "म्हणजे? कोण जिंकलं?"

"मला कुठं ठावं?" बाई पत्राची घडी घालत म्हणाल्या. "पुढचं पत्र येईल चार-आठ दिसात. पण ते आम्ही मैदानावरच वाचतो बघा. पोरीला धाडा, आणि तुमीबी या."

मी बाईंना फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथं त्यांनी माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला. "बघितलंस? तुझा बा कसा पुढं सरकला ते?" त्यांचे डोळे नुसते लकाकत होते.

आठवड्यानं पत्र आलं आणि कोर्टातून परस्पर आप्पा मैदानावर आले, काळा कोट हातावर टाकून. व्हँकुव्हर जिंकलं होतं! मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या बराकीतून दोन जवान बघायला आले. आप्पा हसले नाहीत, पण जाताना बाईंना विचारून गेले, "अंतिम सामना कुणाशी?" तो टँपाशी होता, आणि तोही व्हँकुव्हरनंच जिंकल्याचं पुढं कळलं. माझं खेळणं बंद की चालू, यावर घरात कुणी बोललं नाही. मी कपाटातून बूट बाहेर काढले आणि सरावाला गेले.

ऑक्टोबरात कोल्हापूरच्या मुली आल्या. कोगनोळीच्या सीमानाक्यावर त्यांची गाडी खोळंबली, त्यामुळं सामना तासभर उशिरा सुरू झाला. मैदानाभोवती आमच्या शाळेच्या सगळ्या मुली, कॅम्पातली घरंच्या घरं. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी गोल केला, माझ्या हाताखालून. शेवटच्या पाच मिनिटांत आमचा झाला आणि जो काही गलका उठला, तो लिहून कसा सांगू! एक-एक. पंच होते कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार. निकालासाठी त्यांनी खिशातून नाणं काढलं. बाई मैदानात धावत गेल्या. "नाण्यावर नको, सुभेदारसाहेब! नव्वद मिनिटं पळाल्यात पोरी, नाण्याला काय पळायचं हाय?" त्यांनी अमेरिकेचा नियम समजावून सांगितला. कोल्हापूरच्या बाई आधी हसल्या, मग त्यांचेही डोळे चमकले. "होऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या.

पण पाच सेकंद मोजणार कोण? सेकंदकाट्याचं घड्याळ होतं आप्पांकडं. बाईंनी त्यांना हाताला धरून गोलाशेजारी आणून उभं केलं. कोल्हापूरच्या बाईंनी विचारलं, "हे कुणाचे कोण?" बाईंनी लपवलं नाही. "गोलात उभी हाय तिचे वडील. वकील हाईत. चालंल?" कोल्हापूरच्या बाईंनी आप्पांकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "चालेल."

प्रत्येक संघाच्या पाच-पाच पाळ्या. चार-चार झाल्या तेव्हा दोन्हीकडं दोन-दोन गोल. आमची पाचवी मुलगी चेंडू बाहेर मारून तिथंच खाली बसली. मग त्यांची पाचवी आली, दोन वेण्या रिबिनीत घट्ट बांधलेली. हिला मी अडवलं तर सामना पुढं चालणार, नाहीतर संपला. शिट्टी. आप्पांचा कोर्टातला आवाज मैदानावर घुमला, "एक... दोन..." मी पुढं झेपावले. ती डावीकडं वळली, मीही वळले. "तीन... चार..." मी तिच्या पायांवर अंग टाकलं, चेंडू माझ्या छातीला लागून उडाला, तिच्याच पुढं पडला. तिनं पाय घातला आणि "पाच!" दोन्ही एकदमच. चेंडू रेघेपलीकडं हळूहळू जाऊन थांबला.

गोंधळ! आमच्या पोरी ओरडतायत, वेळ संपली! त्यांच्या ओरडतायत, आधी मारला! सुभेदारांनी हात वर केला आणि आप्पांकडं वळले. सगळं मैदान आप्पांकडं बघत होतं. मीही, तोंडात माती, जमिनीवर पालथी पडलेली. आप्पांनी घड्याळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"पाचाच्या आत मारला," ते म्हणाले. "गोल आहे."

आम्ही हरलो. आमच्याच पोरींपैकी कुणीतरी आप्पांना काहीतरी बोलली. आणि बाई... बाई धावत गेल्या, आप्पांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवायला लागल्या. "वकीलसाहेब! काय सामना झाला हो! काय सामना!" त्या हसत होत्या आणि गालावरून पाणी वाहत होतं. कुठल्या परक्या बाईनं आप्पांचा हात धरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. आप्पांनी तो सोडवून घेतला नाही.

घरी येताना आप्पा माझ्यापुढं चालत होते, नेहमीसारखे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले. मागं न बघता म्हणाले, "पुढच्या वेळी अर्धा सेकंद आधी निघ."

पुढच्या वेळी! मी रस्त्यातच रडायला लागले.

पुढची चार वर्षं मी खेळले. आमच्या संघातल्या तिघी पुढं स्वतः शारीरिक शिक्षणाच्या बाई झाल्या, मी बँकेत गेले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती अमेरिकेतली लीग बंद पडली. अशोकरावांनी तसं कळवलं तेव्हा बाई वर्गाला म्हणाल्या, "त्यांचं बंद पडलं तर पडू दे. आपली उद्या साडेसहाला हजेरी." आणि दुसऱ्या दिवशी सव्वासहालाच मैदानावर हजर.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही सातजणी निपाणीला गेलो. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, मग अशोकरावांनी आम्हाला मागच्या अंगणात नेलं. घर नवं रंगवलेलं, पण मागची भिंत तशीच, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत गोल गोल डागांनी भरलेली. निवृत्तीनंतर निपाणीला आल्यापासून आक्का रोज सकाळी चेंडू घेऊन इथं यायची, ते म्हणाले. गुडघे गेल्यावर खुर्ची टाकून, बसून मारायची. पार शेवटच्या आठवड्यापर्यंत. रंगाऱ्याला तिनं या भिंतीला हात लावू दिला नव्हता.

चेंडू खुर्चीखालीच होता. मी पदर खोचला, चप्पल काढली आणि मारला. भिंतीनं तो सरळ माझ्या पायाशी परत धाडला. मग दुसरीनं मारला, मग तिसरीनं, आणि आम्हाला हसू आवरेना.

तेवढ्यात पलीकडच्या घरातून म्हातारा आवाज आला, "कोण हाय गं? चेंडू कोण मारतंय?"

"आम्ही हाय, आजी. बाईंच्या पोरी."

"मारा मग," आजी म्हणाल्या. "महिना झाला, सकाळी जागच येईना मला."