नागपूर ते नांदुरा, चार तिकिटं

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसत सांगत होतात की तुमच्या शहरातल्या जमिनीखालच्या गाडीचं भाडं तुम्हाला अजून उमगलेलं नाही. सकाळच्या गर्दीत एक दर, दुपारी दुसरा. एक हद्द ओलांडली की तिसरा. बाहेर पडताना कार्ड लावायचं राहिलं तर वर दंड. धाकटी म्हणाली, "आजी, तुझ्या वेळी बरं होतं, साधं तिकीट." मी हो म्हटलं. फोनवर आणखी काय सांगणार? पण परवा तुमच्या आईने विचारलं की माझं काही कमीजास्त झालं तर तिकडून कोणी यायचं आणि कसं. म्हणून हे लिहून ठेवते. क्रमाने लिहिते.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मोठा दवाखाना म्हणजे नागपूर. आमचं गाव नांदुऱ्याच्या बाजूला, ज्ञानगंगेच्या काठी. माझ्या वडिलांच्या पोटात गाठ झाली होती. आई, काका आणि मी त्यांना घेऊन नागपूरला गेलो. मला नेलं ते इंग्रजी येत होतं म्हणून. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, नळाशी जाऊन हात धुतले आणि मला इंग्रजीत सांगितलं की आता करण्यासारखं काही नाही, फार तर दोन दिवस. ते मराठीत मलाच सांगावं लागलं. वडील खाटेवरून ऐकत होते.

"मले आपल्या नदीवर न्या," ते म्हणाले. दुसरं काही त्यांनी मागितलं नाही.

काकाने मला स्टेशनवर भाडं विचारायला नेलं. खिडकीमागच्या कारकुनाने दरांचं जाड इंग्रजी पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि तो आपल्या कामाला लागला. मेलचा दर वेगळा, पॅसेंजरचा वेगळा. मेल नांदुऱ्याला थांबत नव्हती. तिने गेलं तर भुसावळपर्यंतचं तिकीट काढून दुसऱ्या गाडीने मागे यावं लागणार. काकाला माझं अर्धं तिकीट काढायचं होतं. मी म्हटलं, बारा वर्षांनंतर पूर्ण लागतं, असं इथे लिहिलंय. "इंग्रजी शिकली अन् घरच्यालेच महाग पडली," काका म्हणाला.

पुढची पानं सामानाची होती. कुत्रा, घोडा, सायकल. त्याच्याही पुढे प्रेताचा दर होता. तो मी काकाला वाचून दाखवला, कारण आमच्या मनात दुसरं काही नव्हतंच. डॉक्टरांचा दाखला हवा, स्टेशनमास्तरची परवानगी हवी, प्रेत बंद पेटीत हवं, आणि भाडं माणसाच्या कितीतरी पट. तेवढे पैसे आमच्याजवळ नव्हते. गाडीत कोणी गेलं तर पुढच्या स्टेशनावर उतरवून घेतात, पोलीस येतात, मग जिथे उतरवलं तिथेच सगळं उरकतं, हे काकाने ऐकलं होतं.

परत येऊन आम्ही आईला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, गाडी कधी आहे.

पॅसेंजरची चार तिकिटं काढली. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर वडिलांना निजवलं, डोकं आईच्या मांडीवर. ती त्यांना शिंदीच्या पानांच्या पंख्याने वारा घालत होती. समोर पेरूची टोपली घेऊन एक बाई बसली होती. तिला बसायला जागा कमी पडत होती.

"बाई, पाय आवरा त्यायचे. आमीबी तिकीट काढलं हाये," ती म्हणाली. आईने पाय जवळ ओढून घेतले. ते पाय मी माझ्या मांडीवर घेतले.

अकोला गेलं. त्यानंतर कधीतरी ते पाय जड झाले. मी आईकडे पाहिलं. तिचा हात थांबला नव्हता. तिने काकाला अगदी हळू म्हटलं, "भाऊजी, आता बोलू नका. पोरी, तूबी रडू नको." आणि ती वारा घालत राहिली. काकाने तोंड खिडकीबाहेर काढलं ते बराच वेळ आत घेतलं नाही.

शेगावला तिकीट तपासणारा चढला. काकाने तिकिटं पुढे केली. त्याने ती छेदली, एकेक माणूस मोजला आणि वडिलांपाशी थांबला. "यांना काय झालंय?" मी उत्तर जुळवत होते. इंग्रजीत बोलावं की मराठीत, तेही सुचेना.

समोरची बाई म्हणाली, "आत्ताच डोळा लागला बिचाऱ्याचा. रातभर कण्हत होते. उठवू नका." मग तिने वाकून त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि पायावर नीट ओढली. तपासनीस पुढे गेला.

 जलंबला ती बाई टोपली घेऊन उतरली. खामगावची गाडी तिथे उभी होती, पण ती तिकडे गेली नाही. टोपली फलाटावर ठेवून ती नळाखाली गेली आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. प्रेताला हात लागला की आमच्याकडे तसं न्हातात. आमची गाडी हलली तेव्हा ती ओलेत्याने उभी होती.

नांदुऱ्याला काकाने आणि एका हमालाने वडिलांना घोंगडीत घालून बाहेर काढलं. फाटकावर काका म्हणाला, आजारी आहे, आणि चारही तिकिटं देऊन टाकली. संध्याकाळच्या आत त्यांना नदीवर नेलं. गावातल्या बायका आईच्या गळ्यात पडून रडल्या. तिला रडायला आलं नाही. पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, पण कोणाच्याही मरणाला तिला रडता आलं नाही. ते सगळं ती अकोला आणि नांदुऱ्याच्या मध्ये गिळून बसली होती.

माझ्यासाठी असा हिशेब कोणी मांडू नये. मी जिथे असेन तिथेच काय ते करावं. तुमच्या आईला मी तसं सांगितलं आहे.

काकाचं घर आता नाही. नदीला पाणी पावसाळ्यापुरतंच असतं. तो पंखा माझ्या पेटीत आहे. पानांच्या कडा झडल्या आहेत, दांडी शाबूत आहे.