आईचा हात पोचला तिथवर

शेजारी आज कोणीतरी चुना भिजवला आहे. त्या ओल्या वासाने मला मध्यभारत राज्य होतं त्या काळातलं हेच आमचं छत्रीबागेतलं घर आठवलं. लागूनच असलेल्या कापसाच्या गोदामाला आग लागली आणि धगीने आमची भिंत पार आढ्यापर्यंत तडकली. घराचा आगीचा विमा होता, पण तपासणीला आलेल्या साहेबांना भेगेत चुना दिसला. म्हणजे भेग जुनीच, असं म्हणून कंपनीने दावा नाकारला. भिंत बांधायची आमची ऐपत नव्हती, त्यामुळे घर सोडून देवासला मामाकडे जायचं ठरत होतं. वडिलांनी तक्रार केली, तेव्हा तेच साहेब पुन्हा आले. “चुना तो दिसतोय, मास्टरसाहेब, मी काय करू?” तेव्हा आई दाराआडून पुढे आली. “तो मीच भरला. तुम्ही येणार होतात ना. परक्या माणसाला अशी भिंत कशी दाखवायची?” वडिलांनाही हे माहीत नव्हतं. “बाई, मी भेगच बघायला आलो होतो,” साहेब म्हणाले. “मग वर बघा. दिवाळीला मजूर शिडी लावून वरपर्यंत चुना देतो. भेग तेव्हा असती तर वरही भरली असती. माझा हात पोचला तिथवरच भरलीये.” साहेब स्टुलावर चढले. वर भेगेत नुसती कोरी, लाल वीट होती. खाली उतरून त्यांनी चहा मागितला आणि तिथेच नवा अहवाल लिहायला घेतला. पावसाळ्याआधी भिंत उभी राहिली. आई गेली त्याला आता महिना होईल. हे घर विकायचं का, असं मुलीने काल विचारलं. मी म्हटलं, नको, वरची खोली नीट करून घेऊ, तू राहायला ये.