कुलूप लावलेल्या खानावळीतली गर्दी

आमच्या मोठ्या आईची, म्हणजे माझ्या थोरल्या काकूची, मुलचेऱ्यात लहानशी खानावळ आहे. माझं चंद्रपुरात फ्लेक्स छापायचं दुकान. दुसऱ्यांच्या जाहिराती छापता छापता आपणही मार्केटिंगवाले झालो, असा माझा समज झाला होता. त्या भरात मी तिच्या दारावर हा एवढा फ्लेक्स ठोकला: 'इथे जेवलात? मोबाईलवर चेक-इन करा, एक वडा फुकट!'

अडचण एवढीच, की लोकांनी चेक-इन करणं, म्हणजे आपण कुठे आहोत ते फोनवरून सगळ्यांना कळवणं, तोवर सोडून दिलं होतं. एके काळी आम्ही पानठेल्यावर उभे राहिलो तरी जगाला कळवायचो. मग आमच्यातला एक जण बायकोला 'ड्यूटीवर आहे' सांगून ढाब्यावर गेला आणि हौसेनं तिथून चेक-इन करून बसला. त्याच्या घरी जे झालं, ते ऐकून आमच्या अख्ख्या टोळीनं लोकेशन बंद केलं. हे मला माहीत होतं. तरी फ्लेक्स छापला, कारण मशीन रिकामी होती.

मोठ्या आईच्या फोनमध्ये मी खानावळीचं पेजही उघडून दिलं होतं. कोणी चेक-इन केलं की तिचा फोन वाजणार. तो काही वाजेना. दर चार दिवसांनी ती विचारायची, "बापू, कोणी येऊन राह्यलं का रे त्याच्यात?"

शेवटी एका रविवारी सकाळी, चंद्रपूरच्या बसस्टँडसमोर चहा पिताना मी मित्रांना म्हटलं, "टाका रे मुलचेऱ्याचं चेक-इन." त्यांनी बसल्या जागी खानावळीचं नाव निवडून टाकलं. एकानं तर 'वडाभात एक नंबर' असंही लिहिलं. पोट धरून हसलो आम्ही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. आवाज रडवेला.

"बापू, लोकं दारातून उपाशी गेले रे. काल खानावळीले कुलूप होतं."

ती चिमूरला गेली होती, धाकट्या बहिणीच्या पोरीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. मांडवात फोन वाजायला लागला आणि पंगत बसायच्या आधीच ती उठली. बहीण आडवी आली. "न जेवता चालली? माह्या पोरीचं साक्षगंध आहे ना बाई!" तरी निघाली. ज्या स्टँडसमोर आम्ही हसलो होतो, तिथेच उतरून ती मुलचेऱ्याची गाडी शोधत फिरली. खानावळीत पोचल्यावर भात टाकला, वडे तळले आणि दार उघडं ठेवून बसली.

"त्याईले सांग ना, मी आली म्हणा."

"सांगतो," मी म्हटलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन मित्रांना गाडीत घालून, 'हेच ते परवाचे' म्हणत जेवायलाच नेलं. म्हणजे खोटं निस्तरायला आणखी एक खोटं, तेही वडाभातासकट.

तिनं वाढता वाढता दोघांना हात जोडले. "भाऊ, त्या दिवशी तुमाले वापस जा लागलं. मनावर घेऊ नका."

'एक नंबर' लिहिणाऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला. "मोठी आई, आम्ही आलोच नव्हतो. चंद्रपुरात चहा पिऊन राह्यलो होतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी लोणच्याकडे पाहिलं.

"मंग मी जेवून तरी आली असती रे," ती हळू आवाजात म्हणाली. "बहीण फोन नाई उचलून राह्यली माझा."

मी उष्ट्या हातानं दारात गेलो आणि माझ्या फोनवरून चिमूरला तिच्या बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं, हसलो होतो तेही. पलीकडून प्रश्न आला, "कुठून बोलून राह्यला तू?"

"मुलचेऱ्यातून. खानावळीच्या दारातून."

"खरंच आहे का तिथं?"

शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या शपथेला कोण विचारतो? आत गेलो. मोठ्या आईचे हात पिठाचे होते, म्हणून फोन मीच तिच्या कानाला धरला. पलीकडचं मलाही ऐकू आलं.

"जेवली का वं बाई?"