बिननावाचे लेख

लोक विचारतात, "तुमच्याजवळ एवढे किस्से येतात कुठून?" अहो, येत नाहीत, साचतात! मी अमरावतीच्या एका शेतकी त्रैमासिकाचा सहचिटणीस होतो. कपाटात लेख साचायचे आणि माझ्या डोक्यात लेखक.

संपादक दादासाहेब पेशानं वकील. त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं, की तिथं प्रत्येक लेख आधी जाणकाराकडे तपासायला जातो, आणि तोही लेखकाचं नाव झाकून! झालं. "आपणही हेच करायचं. परीक्षकाला लेखक कळता कामा नये, लेखकाला परीक्षक!"

वऱ्हाडात! जिथं टांगेवाला तुमचं तोंड पाहून तुमच्या सासऱ्याचं गाव सांगतो!

अक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून प्रत्येक लेख मी माझ्या हातानं उतरवायचा, भाषा शुद्ध करायची, मग पोस्टात टाकायचा. बोटांना शाईचे डाग कायमचे. एकदा अकोल्याच्या परीक्षकानं चौथ्या लेखकाच्या लेखाबरोबर चिठ्ठी पाठवली: "हा गृहस्थ फार लिहून राहिला. आधी कपाशी, मग विहिरी, मग गुरांचे रोग, आता मधमाशा. त्याले म्हणा बाप्पा, एक काहीतरी धर!"

दादासाहेब ती चिठ्ठी आल्यागेल्याला महिनाभर वाचून दाखवत होते.

* * *

अशात मोर्शीचे किसनराव आले. संत्र्यांचे बागाईतदार, शिक्षण मराठी चौथी. त्यांच्याकडे बुंध्यातून डिंक गळून झाडं वाळत होती. त्यांनी युक्ती काढली. खोडाभोवती एक आळं, त्याच्याबाहेर दुसरं, पाणी फक्त मधल्या जागेत. खोडाला थेंब लागू द्यायचा नाही. झाडं वाचली.

"मग लेख कशाला?" मी विचारलं.

"धाकट्या भावासाठी जी. धुऱ्यापल्याड, बांधाले लागूनच, त्याची बाग हाय. रोज एक झाड वाळून राहिलं. सांगाले गेलो त म्हणते, तुले काय समजते? छापून आलं, खाली माहं नाव दिसलं, त ऐकन."

लेख छापायला मी एका पायावर तयार होतो. पण दादासाहेबांचा नियम!

* * *

नियम म्हणजे परीक्षक, आणि परीक्षक म्हणजे उशीर. कपाशीच्या किडीवरचा एक लेख आम्ही पोळ्याच्या सुमारास अकोल्याला पाठवला. कीड शेतात, लेख परीक्षकाच्या फडताळात. मी बडनेऱ्याला गाडी बदलून तीनदा गेलो, तीनदा पोटभर भरीत-भाकर खाऊन रिकाम्या हातानं परत आलो.

"एवढी घाई काहून करता?" परीक्षक म्हणायचे. "लेख काय पळून जाते?"

"लेख नाही जी पळत. पण कीड खाऊन राहिली!"

रिपोर्ट आला तेव्हा कापूस वेचून पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. लिहिलं होतं, "सूचना उत्तम. ताबडतोब छापावे."

* * *

हिवरखेडच्या एका मास्तरांनी मोटेच्या पाण्यावर लिहिलं. ओळीओळीला गावाचं नाव, आजोबांचं नाव, विहिरीचं नाव. मी सगळी नावं गाळून तिथं टिंबं दिली. परीक्षक होते निवृत्त हेडमास्तर. त्यांना वाटलं, रिकाम्या जागा भरायच्या आहेत! लाल शाईनं सगळ्या भरल्या आणि खाली लिहिलं, "लेखकाच्या आजोबांना माझा नमस्कार. ते आमच्या व्याह्यांचे मामा."

एकही नाव चुकलं नव्हतं. बैलाचंसुद्धा!

दादासाहेब कपाळाला हात लावून बसले. "याला गुप्तता म्हणतात?"

* * *

किसनरावांच्या लेखाचा पहिला रिपोर्ट आला एका पदवीधर साहेबांचा. त्यांचा आक्षेप असा, की सगळ्याच झाडांना उपाय केला, मग सिद्ध काय झालं? अर्धी झाडं तुलनेसाठी तशीच ठेवायला हवी होती.

मी तो वाचून दाखवला. किसनराव भडकले. "म्हंजे काय, अर्धी लेकरं उपाशी ठेवून पाहाची?"

पहिल्यानं अडवलं तर दुसऱ्याचा शब्द अखेरचा, असा आमचा नियम. दादासाहेबांनी दुसरा परीक्षक निवडला मोर्शीचाच, प्रदर्शनात संत्र्यांना बक्षीस मिळवलेला. नाव महादेवराव. आडनाव पाहून मला शंका यायला हवी होती. पण मोर्शीत त्या आडनावाची अर्धी पेठ आहे! मी लिफाफा टाकून मोकळा झालो.

पंधरा दिवसांत उत्तर. आमच्या इतिहासात एवढं लवकर कोणी वाचलं नव्हतं!

"लेखक कोण आहे माहीत नाही, पण मोठा विद्वान दिसते. त्याचं वाचून मी सगळ्या झाडांले दोन-दोन आळे केले. डिंक थांबून राहिला. लेख जरूर छापा. धुऱ्यापल्याड माझा मोठा भाऊ आहे. तोही असंच काहीबाही बडबडते, पण त्याले समजत काही नाही. छापल्यावर एक अंक त्याले पाठवजा, म्हणजे शास्त्र कशाले म्हणतात ते त्याले कळन."

सहीतलं आडनाव मी आता नीट वाचलं: किसनरावांचंच! पण रिपोर्ट लेखकाला दाखवायचा, हाही नियमच. परीक्षकाची सही कापली आणि कागद किसनरावांच्या हाती दिला.

त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. उपरण्यानं डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं.

"सगळ्या झाडांले आळे केले, असंच लिवलं हाय ना इथं?"

"हो."

"मंग लेखाखाली माहं नाव नका टाकू."

"अहो, नावासाठी तर एवढे खेटे घातले तुम्ही!"

"नका टाकू, बाबूजी. नाव दिसलं त आळे बुजवून टाकन थो!"

उठले. दारात वहाणा घातल्या आणि वळून म्हणाले, "अन् हो, अंक तेवढा पाठवजा मले. धाकटा म्हणते, त्यातून काही शिकाले भेटन."