शेंदरातला वीर

धर्मापुरीला जुनं देऊळ आहे, लिंबागणेशला गणपती आहे. आमच्या गावाला एक दगड आहे. कमरेएवढा, त्यावर तलवार उगारलेला वीर, खाली गायी, वर चंद्रसूर्य. हा वीर कोण, कुणाशी लढला, गावात कुणालाच ठाऊक नाही. एवढं मात्र खरं की ऊसतोडीला निघण्याआधी सगळं गाव या दगडाच्या पाठीवर कोयते घासायचं. गावाचा इतिहास म्हणाल तर एवढाच.

एका वर्षी निरोप आला. जिल्ह्याहून साहेब दगड बघायला येणार, पसंत पडला तर गाव पर्यटनाचं होणार. सगळ्यात जास्त हरखली माझी आई. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती पिठलं-भाकरी करून घालणार होती, म्हणजे ऊसतोड कायमची सुटली. तिनं नवा तवासुद्धा आणला.

पण आमचे चुलते! "पाव्हणं येणार आन् ह्या वीराला असंच उघडंनागडं दाखवायचं व्हय? गावाची काय इज्जत हाय का न्हाई?"

त्यांनी सिरसाळ्याच्या बाजारातून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि गावानं हौसेनं थापला. आधी गायी गेल्या, मग तलवार, मग वीर. शेवटी वर चांदीचे डोळे चिकटवले.

साहेब आले. "वीरगळ कुठे आहे?"

"ह्यो काय, म्होरं बसलाय," चुलते म्हणाले.

साहेबांनी शेंदूर थोडा खरवडायला सांगितला. देवाला खरवडणार कोण?

"साहेब, पयला हात तुमीच लावा," चुलत्यांनी आग्रह केला.

साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. बूट काढले, नारळ फोडला, पोराबाळांना सुखी ठेव म्हणाले आणि गाडीत बसून गेले. पुन्हा कुणी आलं नाही. मला चुलत्यांचा अजून राग येतो, आणि रागावता रागावता हसू येतं, त्याचाही राग येतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक येऊन उभा राहिला. नवा तवा आईनं सामानात बांधला होता. आता कोयते घासायचे कुठे? देवावर? सगळे कोयते हातात धरून उभे. आई पुढे झाली, दगडाच्या पाया पडली. "माफ कर बाबा, तू देव झालास म्हून मला जावं लागतंय," म्हणाली आणि मागच्या बाजूनं, शेंदूर पोचला नव्हता तिथं, कोयता घासायला लागली.

धार लागल्यावर तिनं मागे न बघताच हात पसरला.

"भावजी, आना तुमचा."